अण्णांनी काढलेली माणसं म्युझियममध्ये गेली, त्याचा सगळा अनुभव

मागच्या आठवड्यात म्युझियमकडून एक पत्र आलं आणि ठरवलं की आता हे एकदा बसून लिहायचंच. घरात चित्रं आहेत, काढणारं माणूस गेलंय, टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही असं मुंबईत कितीतरी घरांत असणार. मला सुरुवातीला कुणाला विचारायचं हेच कळत नव्हतं, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहितेय.

आमचे अण्णा म्युनिसिपल शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, झालेले. ठाकूरद्वारला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. शाळेतून आले, चहा झाला की गॅलरीत स्टूल टाकायचे आणि जो बसायला तयार असेल त्याला बसवायचे. देव, पुढारी, निसर्ग यातलं काही काढलं नाही, फक्त माणसं. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे, छापखान्यातले कंपोझिटर, खानावळवाल्या मावशी, पोस्टमन, आमच्याकडे धुणं करायला यायच्या त्या बाई. तैलरंग, कधी कॅनव्हास, कधी हार्डबोर्ड, तंगी असली की मांजरपाटाला स्वतः प्रायमर लावून. पुण्याला गेलो की बालगंधर्व रंगमंदिरात देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं बघायला आम्हाला न्यायचे, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं, आणि नाटकाची घंटा झाली तरी तिथून हलायचे नाहीत. स्वतःचं प्रदर्शन मात्र कधीच भरवलं नाही. २०११ मध्ये अण्णा गेले, २०१९ मध्ये आई.

जानेवारी २०२४ मध्ये चाळ पुनर्विकासाला जाणार हे पक्कं झालं आणि खोल्या रिकाम्या करायला चार महिने मिळाले. पोटमाळ्यावरून चित्रं खाली काढली तर पंधरा निघाली. आईचं एक होतं ते लगेच दादा नाशिकला घेऊन गेला, त्यावर चर्चाच झाली नाही. राहिली चौदा. माझं घर बोरिवलीला, साडेचारशे फूट, भिंतीवर दोन मावतील. पलंगाखाली घालून ठेवली तर पावसाळ्यात काय होईल ते दिसतच होतं, कारण तीन चित्रांच्या मागे आधीच पांढरी बुरशी होती.

इथे आमच्याकडून एक चूक झाली ती आधी सांगते. चित्रं काळवंडलेली होती म्हणून एक चित्र जवळच्या फ्रेमवाल्याकडे दिलं, त्याने ओल्या स्पंजने पुसलं आणि कपाळावरचा रंग पापुद्र्यासारखा उडाला. ते चित्र कायमचं गेलं. तेव्हा कृपा करून पाणी, साबण, कापलेला बटाटा, ब्रेडचा तुकडा, कोणी काहीही सांगितलं तरी लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने मागची धूळ हलक्या हाताने झटकायची, तीसुद्धा रंग सुटत नसेल तरच, आणि तिथेच थांबायचं.

पहिली मेल एका मोठ्या संग्रहालयाला केली, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेवीस दिवसांनी उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत, की आमच्या संग्रहाच्या धोरणात बसत नाही. मला फार लागलं ते. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही, वाटलं अण्णा कमी पडले. मग एका मैत्रिणीने, ती लायब्ररीत काम करते, समजावून सांगितलं की चांगलं-वाईट हा प्रश्नच नसतो गं, प्रत्येक म्युझियमची एक गोष्ट असते आणि वस्तू त्या गोष्टीत बसायला लागते, तू मोठं बघू नकोस, जवळचं बघ.

जवळचं म्हणजे आमच्याच भागातलं एक जुनं घर. एका डॉक्टरांचं, ज्यांनी आयुष्यभर गिरगावातल्या गरिबांना तपासलं, आणि आता एक ट्रस्ट ते घर म्युझियम म्हणून चालवतो. नाव लिहीत नाही, कारण त्यांची टीम अगदी छोटी आहे आणि लोक न विचारता सामान घेऊन दारात उभे राहतात म्हणून त्यांनीच तशी विनंती केली. ११ मार्चला मेल केली, यावेळी शहाणपणाने. चौदा फोटो, प्रत्येकाची लांबी-रुंदी, माध्यम, साधारण वर्ष, अण्णांची दहा ओळींत माहिती आणि सगळ्यात वर एकच वाक्य, की ही माणसं तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरात राहत होती. चौथ्या दिवशी फोन आला.

क्युरेटर बाई एप्रिलमध्ये चाळीत आल्या. दोन तास जमिनीवर बसून एकेक चित्र बघितलं, टॉर्च आडवा धरून, आणि पुढच्यापेक्षा मागची बाजू जास्त वेळ बघितली. मागे अण्णांनी पेन्सिलने लिहिलेलं होतं जे आम्ही कधी वाचलंच नव्हतं. "शनि. सिटिंग ३." "चष्मा काढून." "बुध. आले नाहीत, नातू आजारी." मला एकदम हुंदका आला, त्यांनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे डॉक्टरांची खुर्ची आहे, औषधांच्या बाटल्या आहेत, स्टेथोस्कोप आहे, फक्त पेशंट नाहीत. हे पेशंट आहेत. पण मला त्यांची नावं हवीत." 

तर टिप अशी की मागच्या बाजूचे फोटो आधी काढा. फ्रेम बदलताना मागचा पुठ्ठा, फ्रेमवाल्याचं लेबल, चिठ्ठ्या काहीही फेकू नका.

आता नावं. चौदापैकी पाच जण मला आठवत होते, बाकीचे मी जन्मायच्या आधीचे किंवा मी फार लहान असतानाचे. चाळीतली माणसं कुठल्या कुठे गेलेली, विरार, बदलापूर, डोंबिवली, कांदिवली. एप्रिल ते जुलै माझे जवळजवळ सगळे रविवार यात गेले आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग हाच होता. आधी मोबाइलवर फोटो दाखवत होते, पण ऐंशीच्या पुढच्या माणसांना त्यात काही दिसत नाही, मग ए-फोर आकाराचे रंगीत प्रिंट काढले, ४० रुपयाला एक, आणि एकदम फरक पडला. बदलापूरच्या काकू, वय ८८, त्यांनी खानावळवाल्या मावशींना चेहऱ्यावरून ओळखलं नाही, हातावरच्या भाजल्याच्या डागावरून ओळखलं, म्हणाल्या हा डाग पुरणाच्या पातेल्याचा, मी होते तिथे. तो डाग मला आजपर्यंत रंगाचा फटकारा वाटत होता! मग अर्धा तास त्या मावशींबद्दल बोलत होत्या, नवरा लवकर गेला, बारा माणसांचे डबे, एकादशीला कोणाकडून पैसे घ्यायच्या नाहीत. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

क्युरेटर बाईंनी यासाठी काही नियम सांगितले होते, ते फार कामाला आले. आपण आधी नाव सुचवायचं नाही, "हे अमुक ना?" असं विचारलं की म्हातारं माणूस हो म्हणतं. नुसतं चित्र समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, त्यांचं चित्रातल्या माणसाशी काय नातं, हे तिथल्या तिथे लिहायचं. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, आपण निकाल द्यायचा नाही. क्लॅरिनेटवाल्यांच्या बाबतीत असंच झालं. तीन महिने दोन नावं होती, शेवटी त्यांचा मुलगा वसईला सापडला आणि त्याच्याकडे बँडच्या गणवेशातला फोटो निघाला. त्याने प्रिंट हातात घेतला आणि नुसता उभा राहिला, मग आतून बायकोला हाक मारली, "अगं बाबा बघ." शिवाय कुटुंब सापडलं की त्यांची लेखी संमती घ्यायची, नाव छापायचं की नाही याची. म्हणूनच मी इथे कोणाचंच नाव लिहीत नाहीये, संमती म्युझियमपुरती आहे.

जुलैअखेर चौदापैकी अकरा नावं मिळाली. दोन पुरुष आणि एक बाई, यांचा काहीच पत्ता लागत नव्हता. बाई तिशीतल्या, मान किंचित वळवलेली, साडी काळपट तपकिरी दिसत होती. मागे लिहिलेलं, "रवि. नाही, ड्यूटी." सगळे म्हणाले नर्स असणार.

कमिटीची मीटिंग तीन महिन्यांतून एकदा असते, आमचं प्रकरण ऑगस्टमध्ये आलं. आधी मला वाटलं होतं क्युरेटरला आवडलं म्हणजे झालं, तसं नसतं, विश्वस्त ठरवतात. निकाल आला की नऊ घेतो, पाच नाही. फ्रेमवाल्याने बिघडवलेलं आणि एक वाळवीने खाल्लेलं, ही दोन घेतली नाहीत. दोन फोटोवरून काढलेली होती, चाळीशी संबंध नव्हता. आणि पाचव्याची गोष्ट वेगळी. एका व्यापाऱ्याने पैसे देऊन काढून घेतलेलं पोर्ट्रेट, अर्धे पैसे दिले आणि न्यायला आलाच नाही. तेव्हा कळलं की पैसे देऊन कोणी पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइट चित्रकाराचा नाही, करून घेणाऱ्याचा असतो. चित्र आमच्याकडे, हक्क त्यांच्याकडे, म्युझियमला असा गुंता नको होता. तुमच्याकडे ऑर्डरची चित्रं असतील तर हे आधी तपासा.

बाकीच्यांचा कॉपीराइट अण्णांचा, म्हणजे आता आम्हा दोघा वारसांचा. चित्रकार गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं धरतात, म्हणजे आमच्या बाबतीत २०७१ संपेपर्यंत. चित्र देणं आणि कॉपीराइट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र दिलं म्हणून छापायचा हक्क आपोआप जात नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. आम्ही हक्क स्वतःकडे ठेवला आणि म्युझियमला कॅटलॉग, वेबसाइट, शैक्षणिक कामासाठी वापरायची लेखी परवानगी दिली. त्यांना ते चाललं. विचारायला लाजू नका.

सगळ्यात जड गेलं ते "विनाअट" या शब्दाला. देणगीपत्रात स्पष्ट होतं की दान विनाअट आहे, चित्रं कायम भिंतीवर लावू असं वचन ते देणार नाहीत, काही स्टोरेजमध्ये राहतील. दादा चिडला, म्हणाला मग आपल्या पोटमाळ्यात आणि यांच्या स्टोरेजमध्ये फरक काय. मी त्याला घेऊन गेले आणि क्युरेटर बाईंनी स्टोरेज उघडून दाखवलं. चित्रं उभ्या रॅकमध्ये, एकमेकांना न टेकता, भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर, आर्द्रता मोजायचं यंत्र आणि त्याच्या रोजच्या नोंदींची वही. त्यांनी सांगितलं की सतत उजेडात ठेवलं तर रंग आणि व्हार्निश दोन्हीला त्रास होतो, म्हणून आलटून पालटून लावतात. दादा ती वही चाळत बसला, पावसाळ्यातले आकडे बघत. खाली उतरल्यावर म्हणाला, दे.

कागदपत्रं नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. देणगीपत्र म्युझियमच्या नमुन्यात. त्यासोबत अण्णा-आई दोघांचे मृत्यूचे दाखले, आम्हा दोघांचे आधार-पॅन, वारस आम्ही दोघंच आहोत आणि कोणाची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र. ते आधी १०० च्या स्टॅम्प पेपरवर होत असे, पण ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० चा लागतो, मी जुन्या माहितीवर १०० चा शोधत दोन चकरा मारल्या. नोटरीचे ४०० घेतले. वकिलांनी सांगितलं की हलवता येणारी वस्तू प्रत्यक्ष हातात दिली आणि समोरच्याने स्वीकारली की दान पूर्ण होतं, घराच्या बक्षीसपत्रासारखं रजिस्ट्रेशन सक्तीचं नसतं, पण कागद हवाच, उद्या कोणी प्रश्न विचारला तर. आणखी एक, ८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं कलम. कोणीतरी सांगितलं होतं की टॅक्समध्ये सूट मिळेल. मिळत नाही. ती सूट पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही, म्हणून किंमत काढून घेण्यासाठी व्हॅल्युअरकडे जायची गरज आम्हाला पडली नाही.

चाळ तर मे महिन्यातच सुटली होती, तेव्हा मधले आठ महिने चित्रं माझ्याकडे बोरिवलीला होती. म्युझियम पावसाळ्यात तैलचित्रं हलवत नाही. पलंग भिंतीपासून ओढून मधे केला, चित्रं आतल्या भिंतीला उभी, खाली लाकडी पट्ट्या, वर जुन्या सुती चादरी, प्लॅस्टिक अजिबात नाही कारण आत दमट धरतं. आठवड्यातून एकदा पंखा लावून उघडायची. घरच्यांनी एक शब्द काढला नाही, याचं मला फार वाटतं.

१८ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळी सात वाजता छोटा हत्ती आला. टेम्पो २,८०० आणि दोन माणसांचे ६००-६००. पॅकिंगचा माणूस म्युझियमने पाठवला होता. बबल रॅप रंगावर थेट लावायचा नाही, त्याचे गोल ठसे उमटतात, आधी ग्लासीन म्हणजे गुळगुळीत पातळ कागद, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप आणि फुगे बाहेरच्या बाजूला. चित्रं टेम्पोत आडवी टाकायची नाहीत, उभी, प्रवासाच्या दिशेला समांतर, दोरीने बांधून. मी ड्रायव्हरशेजारी बसले. हायवेवरच्या प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होते.

तिथे गेल्यावर चित्रं थेट आत नेली नाहीत. एका वेगळ्या खोलीत काही आठवडे ठेवतात, कीड आहे का बघायला, लाकडातून भुसा पडतोय का, कसर आहे का. प्रत्येकाचा कंडिशन रिपोर्ट केला, कुठे तडा, कुठे पोपडा, कुठे डाग, फोटोसह, आणि माझी सही घेतली. हा रिपोर्ट नीट वाचून सही करा आणि एक प्रत मागून घ्या. मला तात्पुरती पावती मिळाली. रिकाम्या हाताने चर्नी रोड स्टेशनपर्यंत चालत आले, आणि सवयीने चाळीच्या दिशेला वळले, तिथे पत्रे लागलेले होते. तो दिवस सोपा गेला नाही.

एप्रिलमध्ये नोंदवहीतले नंबर आले, नऊ चित्रांना नऊ. तो नंबर हाच आता त्या चित्राचा पत्ता, काहीही विचारायचं तर तो सांगायचा. दोन चित्रांची सफाई म्युझियमने स्वतःच्या खर्चाने केली, क्लॅरिनेटवाले आणि ती अनोळखी बाई. वरचं जुनं पिवळं झालेलं व्हार्निश आणि धूर निघाला. जुलै २०२५ पासून तीन चित्रं डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये लागली आहेत, जिथे पूर्वी पेशंट बाकावर बसायचे. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा बाईंची साडी हिरवी होती, काठ लाल. इतकी वर्षं ती तपकिरीच समजत होतो. लेबलवर लिहिलेलं, "अनोळखी स्त्री, बहुधा नर्स, गिरगाव."

माझा एकूण खर्च, फोटोग्राफर ३,५००, प्रिंट ५६०, कागदपत्रं ९००, टेम्पो आणि माणसं ४,०००, आणि लोकलची तिकिटं वेगळी. नऊ हजारांत झालं सगळं. वेळ मात्र पहिल्या मेलपासून भिंतीवर लागेपर्यंत सतरा महिने.

आणि मागच्या आठवड्यातलं पत्र. सप्टेंबरमध्ये एक सत्तरीच्या बाई म्युझियम बघायला आल्या, पॅसेजमध्ये थांबल्या आणि अभिप्राय वहीत लिहून गेल्या, "ही माझी मोठी बहीण. नर्स नव्हे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती." फोन नंबर दिला होता. पत्रासोबत नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स आहे. नोंदवहीत खोडत नाहीत, "बहुधा नर्स" वरून एक सरळ लाल रेघ मारलीय, वाचता येईल अशी, आणि शेजारी नाव, व्यवसाय, माहिती देणाऱ्याचं नातं, तारीख, सही.

काल मी त्या बाईंना कांदिवलीला जाऊन भेटले. बहीण १९८८ मध्येच गेली. मी मोठा प्रिंट घेऊन गेले होते, सफाईनंतरचा. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं, मग काठावरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही साडी आमची नाही. ही तुझ्या आईची. ताई ड्यूटीवरून तशीच यायची पांढऱ्या साडीत, मास्तर म्हणाले पांढऱ्याला रंग नाही, तर वहिनींनी आतून आपली आणून दिली."

घरी येऊन दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणलं फोन आईच्या पोर्ट्रेटसमोर धर. हिरवी, काठ लाल. क्युरेटर बाईंना रात्रीच मेल केली, सकाळी उत्तर आलं, आईच्या चित्राचे फोटो फाइलला लावायचेत, पुढचा आणि मागचा. रविवारी नाशिकला जातेय.